दोन कुलपांच्या पेटीतला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. शाईत बुडवून टपकन मारतात, तो रबरी शिक्का मात्र मी नव्हे. तो माझा दूरचा भाऊ; त्याचे आणि माझे कधी फारसे जमले नाही. मी लोखंडाचा आहे, वजनदार आहे आणि मला शाई लागत नाही. माझ्या जबड्यात कागद सरकवायचा, वरचा दांडा दोन्ही हातांनी खाली दाबायचा, की कागदावर गोल रिंगणात कंपनीचे नाव उठून येते. डोळे मिटून बोट फिरवले तरी ते कळते.

कंपनी म्हणजे काय, हे मला स्वतःलाही आधी उमगत नव्हते. कारखान्याची इमारत म्हणजे कंपनी नव्हे. मालक म्हणजेही कंपनी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक वेगळीच व्यक्ती असते. तिला नाव असते, तिची मालमत्ता असते, तिच्यावर खटला भरता येतो. पण बिचारीला हात नसतात. मग तिने शब्द दिला, हे बाहेरच्यांना कळायचे कसे? त्यासाठी मी. मी कागदावर उठलो की तो कंपनीचा शब्द झाला, असे त्या काळी मानत. माझा थोडा ताठा तुम्हाला जाणवला असेल, तर त्याचे कारण हे.

मला ज्या कारागिराने घडवले, तो कमी बोलणारा आणि सतत शिंकणारा माणूस होता. माझा चेहरा पितळेचा. त्यावर अक्षरे उलटी कोरावी लागतात, म्हणून तो आरसा समोर ठेवून काम करी. एकदा ऐन कोरताना त्याला शिंक आली आणि शेवटच्या अक्षरापाशी एक बारीक ओरखडा उठला. तो ओरखडा पुढे माझी ओळख झाला. माझी नक्कल कुणी केलीच असती, तर त्याला ती शिंक कुठून आणता आली असती?

मला करवून घेतले ते कंपनीच्या संस्थापकांनी. कारखान्यातले लोक त्यांना मोठे मालक म्हणत. कंपनी खुर्च्या बनवायची: दवाखान्याच्या, न्हाव्याच्या दुकानाच्या, नाट्यगृहाच्या. मोठ्या मालकांना दोन मुलगे होते. थोरल्याला कागद आवडत, धाकट्याला यंत्रे. दोघे एकाच घरात राहत आणि दिवसचे दिवस एकमेकांशी बोलत नसत. भांडण असे काही नव्हते. बोलायची सवयच नव्हती.

म्हणून मोठ्या मालकांनी माझ्यासाठी सागवानी पेटी करवली आणि तिला दोन कुलपे लावली. एक किल्ली थोरल्याला दिली, दुसरी धाकट्याला.

"एकट्याला पेटी उघडता येणार नाही," ते म्हणाले. "शिक्का मारायच्या निमित्ताने तरी दोघं एका खोलीत याल."

ही पेटीची युक्ती घरातल्या घरात होती. बाहेरच्या जगासाठी कंपनीची छापील नियमावली होती. ती सरकारच्या नोंदणी कचेरीत ठेवलेली असे आणि कुणालाही तिथे जाऊन वाचता येई. त्यात लिहिले होते, की संचालकांनी सभेत ठराव करून परवानगी दिली असेल, तर कोणत्याही एका संचालकाने सही करून शिक्का मारलेला करार कंपनीवर बंधनकारक राहील. संचालक दोनच: थोरले साहेब आणि धाकटे साहेब. हा नियम नीट लक्षात ठेवा. पुढचे सगळे रामायण त्याच्याच पोटात आहे.

मोठे मालक होते तोवर सगळे शिस्तीत चालले. दोघे भाऊ समोरासमोर बसत, कागद वाचत, ठराव लिहीत आणि मग दोन किल्ल्या फिरत. मला ते फार आवडे. मोठे मालक गेले आणि हळूहळू चाल बदलली. संचालकांची खोली वरच्या मजल्यावर होती. धाकटे साहेब दिवसभर खाली, यंत्रांपाशी. त्यांचा गुडघा दुखे, जिना त्यांना नको वाटे. एक दिवस ते कुरकुरत वर आले, आपल्या किल्लीला निळा दोरा बांधला आणि ती थोरल्या साहेबांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवून टाकली.

"दादा, तुम्हीच उघडत जा की. माझा काय नकार असणार आहे?"

"अरे, पण बाबांनी सांगितलं होतं—"

"बाबांचा गुडघा चांगला होता."

त्या दिवसापासून कंपनीची सभा जिन्यावर भरू लागली. थोरले साहेब मागच्या जिन्याच्या तोंडाशी जात आणि खाली ओरडत, "शिक्का मारतोय रे!" यंत्रांच्या खडखडाटातून धाकट्या साहेबांचा आवाज येई, "मारा, दादा!" झाली सभा. झाला ठराव. तो कागदावर उतरवायचे काम थोरले साहेब सवडीने करत, आणि सवड त्यांना क्वचितच मिळे.

याच सुमारास मावशी आमच्याकडे आल्या.

त्या गाद्या शिवणाऱ्या. कुणाच्या मावशी होत्या देव जाणे, पण सगळे त्यांना मावशीच म्हणत. खुर्च्या विकणाऱ्या आमच्या थोरल्या साहेबांची स्वतःची खुर्ची फाटून तिचा काथ्या बाहेर आला होता. ती नीट करायला कुणीतरी मावशींना बोलावले. त्या आल्या, ओठांत टाचण्या धरून खुर्चीमागे गुडघ्यांवर बसल्या आणि दुपारभर शिवत राहिल्या. त्यांच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर तो खिळा होता. आणि खिळ्यावर ती किल्ली.

काम संपल्यावर त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या खुर्च्यांचा सांगाडा चांगला आहे हो. पण गादी म्हणजे नुसती शिक्षा."

थोरले साहेब आधी रागावले, मग त्या नव्या गादीवर बसले आणि राग विसरले. आठवड्याच्या आत त्यांनी मावशींना निरोप धाडला: आवारातली मागची शेड रिकामी आहे, तिथे येऊन आमच्या सगळ्या गाद्या तुम्हीच शिवा.

मावशी लगेच हुरळल्या नाहीत. त्यांची नणंद त्यांच्याबरोबर काम करी. दोघींच्या मिळून तीन अवजड शिलाई यंत्रे होती. ती जमिनीत बोल्टने पक्की केल्याशिवाय जाड कापडाला दाद देत नसत. आधीच्या दोन जागांमधून मालकांनी त्यांना ऐनवेळी उठवले होते. दोन्ही वेळा यंत्रे उपटताना एकेक यंत्र कायमचे बिघडले होते. मुळात त्यांची पाच होती.

"उद्या जा म्हणालात, तर मी कुठं जाऊ?" त्यांनी थोरल्या साहेबांना विचारले. "मला कागद लागेल. पंधरा वर्षांचा. कंपनीच्या शिक्क्याचा."

"देऊ की."

"आधी तुमचे नियम वाचून येते."

नणंद म्हणाली, "वहिनी, एवढा मोठा माणूस देतो म्हणतोय. कशाला त्या कचेरीत खेटे घालायचे?"

"वन्सं, आपण कापड आधी मापतो की आधी कापतो?"

दोघी नोंदणी कचेरीत गेल्या आणि नियमावली वाचून आल्या. मित्रांनो, त्या गेल्या नसत्या तरी कायद्याने त्यांना ते नियम माहीत आहेत असेच धरले असते. कंपनीचे नियम जगासाठी उघडे ठेवलेले असतात. मी वाचलेच नाहीत हो, असे म्हणून कुणाला सुटता येत नाही. त्याला गृहीत माहितीचा सिद्धांत म्हणतात. मावशींना हे नाव ठाऊक नव्हते. त्या आपल्या स्वभावाने गेल्या.

कराराच्या दिवशी दोघी बाहेरच्या खोलीत बाकावर बसल्या होत्या. आतले दार बंद होते. थोरले साहेब कागद घेऊन आत जायला निघाले, तशा मावशी म्हणाल्या, "साहेब, नियमात सभेची परवानगी लिहिली आहे."

"ती आमच्या घरातली गोष्ट, बाई. ती आम्ही बघतो."

मावशींनी मान डोलावली. आत येऊन थोरले साहेब नेहमीप्रमाणे मागच्या जिन्याशी गेले. "शिक्का मारतोय रे!" खालून नुसता खडखडाट. ते पुन्हा ओरडले. उत्तर नाही. येणार कुठून? धाकटे साहेब त्या दिवशी एका नाट्यगृहात खुर्च्या बसवायला गेले होते. थोरल्या साहेबांनी कान खाजवला, जरा वेळ खाली बघितले आणि मग खिळ्यावरची किल्ली काढली. दोन्ही कुलपे उघडली, सही झाली आणि त्यांनी माझा दांडा दाबला.

मी नेहमीसारखाच उठलो. स्वच्छ आणि ठसठशीत. सभा झाली की नाही, हे माझ्या उठण्यावरून कळत नाही. ते माझे कामच नव्हे.

बाहेर नणंदेने कागदावर बोट फिरवून पाहिले. "वहिनी, हे तर चांगलं उठून आलंय. पुसलं जायचं नाही."

त्याच महिन्यात तिन्ही यंत्रे शेडच्या जमिनीत पक्की झाली.

ती वर्षे चांगली गेली. आमच्या खुर्च्यांवर बसलेले लोक उठायचे नाव घेत नाहीत, अशी नाट्यगृहवाल्यांची तक्रार येई. बँकेचे लोक माझ्यावरून बोट फिरवून समाधानाने मान हलवत. मला कौतुक आवडते, ते मी कशाला लपवू?

मग मेव्हणा आला. धाकट्या साहेबांचा हा मेव्हणा गोड बोलण्यात पटाईत होता. त्याच्याकडे मालवाहू गाड्या होत्या आणि कंपनीचा सगळा माल आपणच वाहावा, असे त्याच्या मनात होते. तो वरच्या खोलीत रोज येऊन बसे आणि घरचाच असल्याने त्याला सगळे माहीत होते: दोन कुलपे, खिळा, जिन्यावरची आरोळी. धाकटे साहेब त्याला चांगले ओळखून होते, त्यामुळे ते हो म्हणणार नाहीत हेही त्याला कळत होते. म्हणून धाकटे साहेब परगावी गेल्याचे बघून त्याने कागद पुढे केला.

"धाकट्यांना कशाला त्रास? त्यांची किल्ली आहेच की इथे," असे म्हणत त्याने स्वतःच्या हाताने ती खिळ्यावरून काढली आणि थोरल्या साहेबांपुढे धरली. थोरले साहेब भिडस्त. त्यांनी शिक्का मारला.

गाड्या गळक्या निघाल्या. न्हाव्यांच्या खुर्च्या भिजून गंजल्या. कंपनीने करार मोडला, तेव्हा मेव्हणा माझा ठसा नाचवत कोर्टात गेला. कोर्टाने त्याला एवढेच विचारले: सभा झाली नव्हती हे तुम्हाला माहीत होते ना? किल्ली तुम्हीच काढलीत ना? मग कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. करार रद्द झाला. धाकट्या साहेबांनी स्वतः मेव्हण्याविरुद्ध साक्ष दिली होती. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या बायकोने त्यांना जेवायला वाढले, पण एका शब्दाने बोलली नाही.

त्या दिवसापासून निळ्या दोऱ्याची किल्ली त्यांच्या खिशात गेली आणि त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: खिळ्यावरच्या किल्लीने निघालेला कागद टिकत नाही. ती अर्धी खरी होती. अर्ध्या खऱ्या गोष्टीने किती घोटाळा होतो, ते पुढे दिसलेच.

थोरले साहेब एका हिवाळ्यात आजारी पडले आणि गेले. धाकटे साहेब पुष्कळ दिवस मागच्या जिन्याच्या तळाशी येऊन उगीच वर बघत उभे राहत. मी पेटीत असलो तरी मला त्यांची चाहूल लागे. वरून आता कुणी ओरडत नव्हते.

पुढे कंपनीला खुर्च्यांचा रंग तापवून पक्का करणारी नवी भट्टी बसवायची होती. जुन्या पद्धतीच्या रंगाला गिऱ्हाइके नाके मुरडू लागली होती. भट्टीसाठी आवारात एकच जागा होती, ती म्हणजे मागची शेड. मावशींच्या कराराची अजून बरीच वर्षे बाकी होती. धाकट्या साहेबांनी तो कागद पहिल्यांदाच नीट वाचला, तारीख बघितली आणि त्यांना आठवले, की त्या दिवशी आपण नाट्यगृहात खुर्च्या बसवत होतो. ते दुष्ट नव्हते, मित्रांनो. पण अडचणीत सापडलेल्या माणसाला सोयीचे तेवढेच आठवते. त्यांनी वकील गाठला. मावशींना नोटीस गेली: सभा झाली नाही, ठराव नाही, म्हणून करार कंपनीचा नाही. शेड रिकामी करा.

मावशींनी ती नोटीस नणंदेला वाचून दाखवली. नणंद यंत्रावर हात ठेवून बसली होती.

"आता उपटली तर राहिलेल्या तिन्हींतलं एकही धड उरायचं नाही, वहिनी. आणि आपलं वय काय आता नव्यानं मांडामांड करायचं आहे?"

"उपटायची नाहीत," मावशी म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांची शिवण दोनदा उसवावी लागली असे मी पुढे ऐकले.

खटल्यात मला पुरावा म्हणून कोर्टाच्या टेबलावर ठेवले. कंपनीच्या वकिलांनी माझ्या जबड्यात कोरा कागद घालून नको तेवढ्या जोराने दाबून दाखवले. हा ठसा कुणीही दांडा दाबला तरी उठतो, असे त्यांना सांगायचे होते. खरे होते, तरी मला अपमान वाटला.

त्यांचे म्हणणे सरळ होते. बाईंनी नियम वाचले होते. सभेची परवानगी लागते, हे त्यांना माहीत होते. ती परवानगी कधी मिळालीच नाही. मावशी इतकी वर्षे शेडमध्ये आहेत हे धाकटे साहेब बघत होते, हे खरे. पण जागा वर्षाच्या बोलीवर दिली असेल, असे त्यांना वाटत होते. आणि मग वकिलांनी मेव्हण्याच्या खटल्याचा निकाल काढला. तीच पेटी, तोच खिळा, तीच किल्ली. तो करार रद्द झाला, मग हा का नाही?

न्यायाधीश बाई चष्मा पुसत ऐकत होत्या. मावशींना साक्षीला बोलावले.

"करार होण्याआधी तुम्ही संचालकांच्या खोलीत खुर्ची शिवलीत?" वकिलांनी विचारले.

"शिवली."

"खुर्चीमागे बसून?"

"गादी मागूनच ठोकावी लागते."

"तिथे भिंतीवर खिळा होता. त्यावर किल्ली होती. ती तुम्ही पाहिलीत?"

मावशींच्या वकिलांनी खाली मान घातली. मागच्या बाकावर नणंदेने डोळे मिटून घेतले. मित्रांनो, त्या 'नाही' म्हणाल्या असत्या तर त्यांना खोटे पाडणारे कुणी नव्हते. थोरले साहेब हयात नव्हते. मी साक्षीला होतो, पण मला बोलता येत नाही. एका शब्दाचा प्रश्न होता आणि त्या शब्दावर तीन यंत्रे आणि दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

"पाहिली," मावशी म्हणाल्या. "तिला निळा दोरा होता."

वकील हसले. "झालं तर मग."

"काय झालं?" मावशींनी विचारले. "किल्ली पाहिली म्हणजे ती कशाची ते कळतं का? उद्या तुमच्या घरी सोफा शिवायला आले आणि भिंतीवरच्या किल्ल्या बघून 'ही कशाची, ती कशाची' असं विचारत बसले, तर तुम्ही मला पुन्हा दारात तरी उभं कराल का?"

मागून कुणीतरी हसले. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा घातला आणि धाकट्या साहेबांना उभे केले.

"ती किल्ली कशाची, हे तुम्ही या बाईंना कधी सांगितलं होतं?"

"नाही."

"तुमच्यासमोर तुमच्या भावांनी सांगितलं होतं?"

"नाही." मग ते आपणहून म्हणाले, "दादा पेटीचं बाहेर कुणाला सांगत नसत. त्यांना लाज वाटायची."

"मेव्हण्यांना मात्र माहीत होतं."

"तो घरातलाच."

"आणि किल्ली खिळ्यावर का होती?"

धाकट्या साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "मला जिना चढायचा कंटाळा होता."

निकाल मी तिथेच टेबलावर बसून ऐकला. न्यायाधीश बाईंनी तो सोप्या भाषेत सांगितला. बाहेरच्या माणसाने कंपनीचे उघडे नियम वाचले पाहिजेत. ते या बाईंनी वाचले. सभेच्या परवानगीने असा करार करता येतो, असे त्या नियमांत होते. मग ती परवानगी आत खरोखर घेतली गेली की नाही, हे बघणे कंपनीचे काम. बाहेरच्याने ती घेतली गेली असे धरून चालावे. त्याने आत डोकावून सभा मोजत बसू नये. नाहीतर कुणीच कुठल्याच कंपनीशी व्यवहार करू शकणार नाही. याला अंतर्गत व्यवस्थापनाचा सिद्धांत म्हणतात. जो आतली चूक जाणून होता, त्याला मात्र याचा आधार नाही. डोळ्यांसमोर संशयाची जागा असून ज्याने मुद्दाम डोळे मिटले, त्यालाही नाही. शिक्काच खोटा असेल, तरीही नाही. मेव्हण्याला किल्लीचा अर्थ ठाऊक होता. या बाईंना फक्त किल्ली दिसली होती, आणि तेवढेही त्यांनी लपवले नाही.

"जिना न चढण्याचं ओझं," न्यायाधीश बाई शेवटी म्हणाल्या, "शेडमध्ये बसलेल्या माणसावर टाकता येणार नाही. करार कंपनीवर बंधनकारक आहे."

नणंदेने डोळे उघडले आणि तिथेच मोठ्याने रडू लागली. शिपायाने तिला गप्प राहायला सांगितले. ती गप्प राहिली नाही. मला, खरे सांगतो, फार बरे वाटले. माझा ठसा खरा ठरला होता.

भट्टीसाठी कंपनीने शेजारची जागा घेतली. धाकटे साहेब त्यानंतर प्रत्येक सभेला जिना चढून वर येऊ लागले. मध्ये दोनदा थांबत, गुडघा चोळत, पण येत. आता त्यांचा मुलगा दुसरा संचालक होता. दोघे समोरासमोर बसत आणि मोठ्या मालकांच्या वेळेसारख्या दोन किल्ल्या फिरत.

मग कायदा बदलला. कंपनीला शिक्का असलाच पाहिजे अशी सक्ती राहिली नाही. संचालकांच्या सह्यांवर भागू लागले. मी पेटीत पडून राहिलो. माझ्या सांध्यांना गंज चढला. कधी कुणी मला बाहेर काढलेच, तर टेबलाचा हलणारा पाय टेकवायला काढी. सुरुवातीला मला याचे फार वाईट वाटले. आता वाटत नाही. एके दिवशी सभेत रीतसर ठराव करून मला रद्द केले. माझा पितळी चेहरा काढून त्याचे दोन तुकडे केले, कारण रद्द झालेला शिक्का तसाच ठेवणे धोक्याचे असते. त्या शिंकेचा ओरखडाही त्यातच गेला.

माझे लोखंडी अंग आणि सागवानी पेटी उचलून धाकटे साहेब स्वतः जिना उतरले. आता ते खरेच म्हातारे झाले होते. आवार ओलांडून ते शेडमध्ये आले आणि मला मावशींच्या कापायच्या टेबलावर ठेवून धापा टाकत खुर्चीत बसले.

"तुमच्या कडा चिकटवायला दाब लागतो ना, मावशी? याला दाब देणं चांगलं जमतं."

मावशींनी माझा दांडा दाबून पाहिला. कुरकुरलो, पण चाललो.

"त्या दिवशी मी कारखान्यात असतो," धाकटे साहेब म्हणाले, "तर दादांना 'मारा' असंच म्हणालो असतो. मला ते कोर्टात सांगता आलं नाही."

मग धाकट्या साहेबांनी खिशातून दोन किल्ल्या काढून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. एकीला अजून तो निळा दोरा होता, पार मळलेला.

मावशींनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, "आता विचारते. ही कशाची, साहेब?"

धाकटे साहेब हसले. हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले.

मित्रांनो, आता मी शेडमध्ये असतो. चेहरा गेला, जबडा राहिला. गादीच्या कडेला गोंद लावून दोघी ती माझ्या जबड्यात धरतात आणि मी ती दाबून ठेवतो. शब्द देण्याचे काम गेले, जोडण्याचे मिळाले. पेटीत त्या आपल्या चांगल्या कात्र्या ठेवतात. एक किल्ली मावशींकडे, एक नणंदेकडे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती कुठलीतरी किल्ली येईल. ती कुणीतरी विश्वासाने दिलेली असेल. तिची काळजी घ्या, एवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

काल काम संपल्यावर नणंदेने पेटीला कुलूप घातले आणि सवयीने आपली किल्ली भिंतीवरच्या खिळ्याकडे नेली.

"वन्सं," मावशी यंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या, "खिळ्यावर नको. जवळ ठेवा."